ज्वालामुखीची जमीन सुपीक असते की करावी लागते?

कातळवाट (धागाकर्ता)

शाळेच्या भूगोलात एक वाक्य हमखास असायचं: ज्वालामुखीच्या राखेची जमीन अतिशय सुपीक असते, म्हणून धोका पत्करूनही लोक त्याच्या पायथ्याशी वस्ती करतात. वर्षानुवर्षं मी ते पूर्ण खरं मानत आलो. गेले काही महिने या विषयावर मिळेल ते वाचतोय आणि आता ते वाक्य मला अर्धवट वाटतं. त्यातून काळ गळलाय आणि माणसाची मेहनतही गळली आहे.

ताजा लाव्हा म्हणजे निव्वळ खडक. पालाश, कॅल्शियम, मॅग्नेशियम, लोह हे सगळं त्यात असतं, पण दगडात कोंडलेलं. नत्र तर जवळजवळ नसतंच. ते हवेतून यावं लागतं, आधी दगडफुलासारख्या बारीक जीवांनी खडकावर पाय रोवावे लागतात, पाऊस पडावा लागतो, आणि मग कुठे माती म्हणता येईल असं काही तयार होतं. याला शतकं लागतात. मधल्या काळात तिथं राहणाऱ्यांनी काय करायचं?

लान्सारोते बेटाचं उदाहरण माझ्या डोक्यातून जात नाही. हे आफ्रिकेच्या वायव्येला असलेल्या स्पेनच्या कॅनरी बेटांपैकी एक. १ सप्टेंबर १७३० ला तिथे जमीन फुटली आणि उद्रेक एप्रिल १७३६ पर्यंत थांबून थांबून चालू राहिला. याइसा गावचे धर्मगुरू आंद्रेस लोरेन्सो कुर्बेलो यांनी त्याची टिपणं लिहून ठेवली. बेटाचा जवळपास पाव भाग लाव्हाखाली गेला, त्यात धान्याची उत्तम शेतं होती. पाऊस म्हणाल तर वर्षाला सरासरी १५० मिलिमीटरच्या आसपास, आणि वारा सतत.

लोकांच्या लक्षात आलं, की जिथे काळ्या राखखडीचा थर पातळ पडलाय तिथलं पीक उलट पूर्वीपेक्षा चांगलं येतंय. खडी पाणी झटकन खाली जाऊ देते आणि वरून ऊन-वाऱ्याला ते उडवू देत नाही. जिथे थर जाड होता, म्हणजे ला खेरिया भागात, तिथे त्यांनी नरसाळ्याच्या आकाराचे खड्डे खणले. किती खोल? खालची जुनी माती लागेपर्यंत, कधी दोन तर कधी तीन मीटर. एका खड्ड्यात द्राक्षाची एक वेल, आणि वाऱ्याच्या बाजूला सुट्या दगडांची अर्धगोल भिंत. असे हजारो खड्डे.

म्हणजे ती वेल त्या उद्रेकाच्या राखेत वाढतच नाही. तिची मुळं उद्रेकाआधीच्या मातीत आहेत, राखखडी हे फक्त पांघरूण. पुढे तर जिथे खडी पडलीच नव्हती त्या शेतांवर लोकांनी ती दुसरीकडून खणून, वाहून आणून पसरली. या पद्धतीला तिथे एनारेनादो म्हणतात. उद्रेकानं जे एका ठिकाणी केलं, ते बघून माणसानं बाकीच्या बेटावर हातानं केलं.

अशा आणखी जागा कुणाला ठाऊक असतील तर सविस्तर लिहा. माणसानं ज्वालामुखीची भूमी घडवली त्या, आणि बिघडवली त्याही.

---

गारगोटी

धागा आवडला. इटलीतल्या सिसिली बेटावरच्या एटना ज्वालामुखीची भर घालतो. ब्राँते गावाचा पिस्ता प्रसिद्ध आहे, आणि त्याची झाडं अक्षरशः लाव्हाच्या खडकात उभी आहेत. मूळ झाड पिस्त्याचं नाहीच. तिथे टेरेबिंथ नावाचा त्याचा रानटी भाऊबंद आपसूक उगवतो, त्याची मुळं लाव्हाच्या भेगांत शिरतात, आणि त्याच्यावर पिस्त्याचं कलम बांधतात. कापणी वर्षाआड. खडक फोडायचं काम रानटी झाडाच्या मुळांकडे आणि फळ द्यायचं काम कलमाकडे, अशी वाटणी कुणाला पहिल्यांदा सुचली असेल!

लाव्हा फोडायला तिथे फड्या निवडुंगही लावत आले आहेत. हा निवडुंग अमेरिका खंडातून आलेला, म्हणजे तो एटनाला काही शतकांपूर्वीच भेटला.

---

मातीमाय

कातळवाट, मांडणी चांगली आहे, पण तुम्ही थोडे दुसऱ्या टोकाला गेलात असं वाटतं. मी मृदाशास्त्र शिकले आहे म्हणून जरा तपशिलात लिहिते.

राखेपासून बनलेल्या मातीला अँडोसॉल म्हणतात. ही माती हलकी, भुसभुशीत आणि पाणी धरून ठेवण्यात फार पुढे. जावा बेटावर इतकी दाट लोकसंख्या शेतीवर जगत आली, त्यात या मातीचा वाटा नक्कीच आहे. उष्ण, दमट हवेत राख लवकर कुजते (खडकाला कुजणं हाच शब्द योग्य आहे) आणि अधूनमधून नवी राख पडून खनिजांची भरपाई होत राहते. तेव्हा पाठ्यपुस्तक खोटं बोलत नाही.

पण या मातीची एक खोडही आहे. तिच्यातलं अ‍ॅलोफेन नावाचं खनिज स्फुरदाला इतकं घट्ट धरतं, की स्फुरद मातीत असूनही पिकाला मिळत नाही.

आणि वय. हवाई बेटावर कोहाला पर्वताच्या कोरड्या बाजूला जुन्या शेतांचं प्रचंड जाळं आहे. युरोपीय लोक येण्याआधी तिथले मूळ रहिवासी साठेक चौरस किलोमीटरवर मुख्यतः रताळ्याची कोरडवाहू शेती करत होते. मातीच्या आणि दगडाच्या लांबच लांब ताली, त्यांवर वारा अडवायला ऊस. संशोधकांनी मातीचे नमुने तपासले तेव्हा शेतांची हद्द कुठे संपते याचा उलगडा झाला. फार कमी पाऊस असेल तिथे पीक हाती लागत नाही. फार जास्त असेल तिथे हजारो वर्षांच्या पावसानं पोषकद्रव्यं धुऊन नेलेली. शेतं आहेत ती या दोहोंच्या मधल्या पट्ट्यात. आणि पट्ट्याची वरची कड लाव्हाच्या वयाप्रमाणे सरकते: तरुण लाव्हावर ती जास्त पावसापर्यंत जाते, जुन्यावर आधीच थांबते.

त्या शेतकऱ्यांकडे प्रयोगशाळा नव्हती. कुठे थांबायचं हे त्यांनी पिकाकडे बघून, पिढ्यान्‌पिढ्या चुकत ठरवलं असणार. मला हे लान्सारोतेच्या खड्ड्यांइतकंच मोठं वाटतं, फक्त ते डोळ्यांना दिसत नाही.

---

कातळवाट

मातीमायताई, मान्य. 'सुपीक करावी लागते' यापेक्षा 'सुपीकता शोधावी लागते आणि मग सांभाळावी लागते' असं म्हणायला हवं होतं. कोहालाच्या शेतांचं पुढे काय झालं?

---

मातीमाय

एकोणिसाव्या शतकात ती पडीक झाली. बाहेरून आलेल्या रोगांनी मूळ लोकसंख्या भयंकर घटली, मग त्या उतारांवर गुरं चरू लागली. ताली अजून आहेत. सूर्य कलता असताना गवताखालून त्यांच्या रेघा दिसतात.

---

दूरदेशी

बिघडवण्याबद्दल विचारलंत म्हणून आइसलँडबद्दल लिहितो. मी तिथे काही काळ राहिलो आहे. आलेले पर्यटक काळी उजाड पठारं बघून म्हणतात, काय हा आदिम निसर्ग! मीही पहिल्या आठवड्यात हेच म्हणालो होतो. नंतर कळलं, की त्या उजाडपणातला बराचसा माणसाच्या हातचा आहे.

नवव्या शतकाच्या उत्तरार्धात वस्ती झाली तेव्हा देशाचा साधारण पाव ते चाळीस टक्के भाग बर्चच्या बुटक्या रानानं झाकलेला होता, असा अंदाज आहे. घरं, इंधन, कोळसा यांसाठी झाडं गेली, आणि मेंढ्यांनी नवी रोपं वर येऊ दिली नाहीत. विसाव्या शतकापर्यंत रान एका टक्क्याच्या आसपास उरलं. एरवी झाडं गेली तर माती हळूहळू जाते. इथे ती वाऱ्यावर जाते, कारण राखेच्या मातीत कणांना धरून ठेवणारी चिकणमाती नाही. एकदा गवताची चादर फाटली की वारा त्या भोकातून आत शिरतो आणि कडा पोखरत नेतो.

तिथे उघड्या रेताड मैदानात मध्येच मातीचे उभे तुकडे दिसतात, कधी कमरेएवढे, कधी डोक्याच्या वर, माथ्यावर गवताची टोपी. त्यांना रोव्हाबार्द म्हणतात. पूर्वीची जमीन त्या टोपीच्या उंचीवर होती! कडेला राखेचे काळे, पांढुरके पट्टे दिसतात. तिथले भूशास्त्रज्ञ सिगुर्दुर थोरारिन्सन यांनी अशा थरांवरून काळ ठरवायचं शास्त्र उभं केलं. पहिल्या वस्तीच्या सुमाराचाही एक थर आहे, आणि त्याच्या वर धुळीचं साचणं वाढलेलं दिसतं. माणूस आल्याची नोंद मातीनेच ठेवली.

दुसरी गोष्ट तिथल्या एका वनरक्षकाकडून ऐकली. राख उंच रानात पडली तर झाडांच्या मध्ये बसते आणि पुढच्या वर्षी त्यातून गवत वर येतं. तीच राख चरून खुरटलेल्या गवतावर पडली तर ते गाडलं जातं, राख सुटी राहते, वाऱ्याबरोबर फिरून शेजारचं गवतही घासून मारते. म्हणून हेक्ला ज्वालामुखीभोवती आता मुद्दाम बर्चचं रान परत आणायचा मोठा प्रकल्प चालू आहे. उद्रेक तोच, पण नुकसान किती हे आधीच्या हजार वर्षांच्या चराईवर ठरतं.

मृदासंधारणाचं सरकारी काम त्यांनी १९०७ सालीच सुरू केलं. १९४५ मध्ये अलास्काहून ल्युपिन आणलं. शेंगवर्गातलं, निळ्या फुलांचं, हवेतलं नत्र मातीत धरणारं झुडूप. उघड्या रेतीवर ते खरोखर रुजलं आणि रेती थांबली. पण मग ते थांबेना, स्थानिक झुडपांच्या आणि शेवाळाच्या जागांतही घुसलं. आज तिथे दोन तट आहेत, आणि दोन्ही बाजूंचे लोक आपल्या भूमीवरच्या मायेनंच बोलतात.

---

निळासावळा

दूरदेशी, अप्रतिम प्रतिसाद. मग ल्युपिन ठेवायचं की उपटायचं? तुमचं मत काय?

---

दूरदेशी

जिथे खाली काहीच उरलेलं नाही अशा रेतीवर ठेवावं. उंच पठारांवर आणि जिथे मूळ वनस्पती अजून जिवंत आहे तिथे शिरू देऊ नये. हे लिहायला सोपं आहे, बी मात्र ओढ्याच्या पाण्याबरोबर कुठेही जातं.

---

मातीमाय

हाच प्रश्न हवाईतही आहे, आणि तिथे माझं मत जास्त कडक आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी पोर्तुगीज स्थलांतरितांनी आपल्या बेटांवरून फाया नावाचं झाड तिथे नेलं. तेही नत्र धरतं. तरुण लाव्हावर नत्राची चणचण असते आणि तिथली मूळ झाडं त्या चणचणीतच जगायला शिकलेली. फायाने नत्र कित्येक पटींनी वाढवलं. ऐकायला चांगलं वाटतं ना, 'जमीन सुधारली'? पण त्या सुधारलेल्या जमिनीवर बाहेरची झाडं जोमानं वाढतात आणि मूळची मागे पडतात. 'सुपीक' हा शब्द कुणासाठी, हे दरवेळी विचारायला हवं.

---

पाणाड्या

सगळे मातीवर बोलताहेत, मी पाण्यावर बोलतो.

ऑस्ट्रेलियाच्या आग्नेय भागात बज बिम नावाचा ज्वालामुखी आहे. त्याच्या लाव्हानं जुने ओहोळ अडवले आणि दलदली, तळी तयार झाली. तिथल्या गुंडिजमारा लोकांनी त्या लाव्हाच्या दगडातच चर खोदले, दगडाचे बांध घातले, आणि वाहत्या पाण्यात विणलेल्या टोपल्या लावून वाम मासे धरले. नुसते धरले नाहीत, डोहांत ठेवून वाढवले. यातल्या कामाचं वय ६,६०० वर्षांपर्यंत मागे जातं. लाव्हाच्याच दगडांची घरंही होती. हे लोक फक्त भटके होते असं जे वर्षानुवर्षं सांगितलं गेलं, ते या दगडांनी खोटं ठरवलं.

वसाहतवाल्यांनी गुरांच्या कुरणासाठी पाणी काढून टाकलं आणि तळं कोरडं पडलं. गुंडिजमारांनी पिढ्यान्‌पिढ्या पाठपुरावा केला, २०१० मध्ये बांध घालून काँडा तळ्यात पाणी परत आणलं, २०१९ मध्ये हे स्थळ जागतिक वारशाच्या यादीत गेलं. त्याच सुमाराला लागलेल्या वणव्यात गवत जळालं आणि खालून आधी नजरेस न पडलेला आणखी एक चर बाहेर आला.

दख्खनच्या काळ्या पाषाणाचंही इथे नाव घ्यायला हवं. ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या सुमाराचा हा लाव्हा. घट्ट थरांत पाणी मुरत नाही, वाहून जातं. कान्हेरीला शंभरावर लेणी आहेत आणि लेण्यागणिक पोढी, म्हणजे कातळात खोदलेलं टाकं. वरच्या उघड्या खडकावर बारीक पन्हळी कोरून पावसाचं पाणी त्यात वळवलंय. शिलालेखांत पाण्याची पोढी दान केल्याचे उल्लेख येतात. लोक मूर्ती बघून परत फिरतात. पन्हळी बघा, डोंगराच्या अख्ख्या माथ्याचं पाणलोट क्षेत्र करून टाकलंय.

---

सुतारपक्षी

छान चाललाय धागा. कातळवाट यांच्या मूळ मुद्द्याला बळ देणारं एक: तुर्कस्तानातला कप्पादोकिया प्रदेश. तिथे राख दबून झालेला मऊ दगड आहे, घरं, चर्च, गोदामं सगळं त्यात कोरलेलं. देरिनकुयूचं भूमिगत गाव सुमारे ८५ मीटर खोल जातं. पण शेतीची माती हलकी आणि कसदार नाही. म्हणून लोकांनी कड्यांत कबुतरखाने कोरले, पुढची बाजू चिणून फक्त लहान भोकं ठेवली, आणि साचलेली विष्ठा वर्षाकाठी काढून द्राक्षमळ्यांना घातली. नत्र आकाशातून आणायची ही त्यांची रीत. रासायनिक खतं आली तसे बहुतेक कबुतरखाने ओस पडले.

दगड कोरायला सोपा म्हणजे झिजायलाही सोपा. झेल्वे गाव दरडींच्या भीतीनं १९५२ मध्ये रिकामं करावं लागलं.

---

गारगोटी

मला आता खाणींबद्दल लिहायचंय, कारण त्यांचं कुणीच काढलं नाही.

न्यूझीलंडचं ऑकलंड शहर पन्नासहून जास्त लहान ज्वालामुखींवर वसलंय. तिथल्या मूळ रहिवासी माओरी लोकांनी त्यांच्या उतारांवर पायऱ्या काढल्या, वर तटबंदीची गावं, रताळी साठवायचे खड्डे. रताळं उष्ण बेटांवरचं, तिथल्या थंडीत जगायला कठीण. काळे दगड दिवसा तापतात आणि रात्री ऊब सोडतात, म्हणून लाव्हाच्या गोट्यांमध्ये वाफे केले. माणसानं टेकडीचा आकार बदलला, पण टेकडी होती.

नंतर शहर वाढलं आणि त्याच टेकड्या रस्त्यांची आणि रेल्वेमार्गांची खडी झाल्या. ते-तातुआ-अ-रिउकिउता इथे सुळक्यांचा झुबका होता, इंग्रजीत त्याला तीन राजे म्हणत. आज त्यातला एकच धड उभा आहे, बाकीची खाण झाली. उतार जपायचा कायदा १९१५ सालीच झाला होता, तरी खाणकाम पुढे कित्येक दशकं चाललं. २०१४ मध्ये १४ टेकड्यांची मालकी माओरी समूहांना परत मिळाली. गेलेल्या टेकड्या मात्र कोण परत देणार?

---

निळासावळा

गारगोटी, तुमची तळमळ कळते. पण शहराला दगड लागतोच ना? माओरींनीही डोंगर कापलाच. रोमनांनी इटलीतल्या पोत्सुओलीची ज्वालामुखीची राख चुन्यात कालवली म्हणून त्यांची बंदरं पाण्यात टिकली, तीही खाणच. रेषा कुठे ओढायची?

---

गारगोटी

प्रश्न रास्त आहे. माझ्यापुरती रेषा अशी: नंतर येणाऱ्याला त्या जागेवर काही करता येईल का? पायऱ्यांवर पुढची पिढी पुन्हा पेरू शकते. खड्ड्यात फक्त भराव टाकता येतो.

पण तुमच्या बाजूचंही एक सांगतो. ग्रीसमधल्या सँटोरिनी या ज्वालामुखी बेटांची राख १८६० च्या दशकात सुएझ कालव्याच्या बांधकामासाठी खणून नेली, आणि त्या खाणींतच थेरासिया बेटावर राखेखाली गाडलेली कांस्ययुगीन घरं सापडली. खाण नसती तर तिथल्या जुन्या वस्तीचा शोध कदाचित बराच उशिरा लागला असता.

---

दूरदेशी

आइसलँडच्याच हेमाएइ बेटाचं थोडक्यात. २३ जानेवारी १९७३ च्या रात्री गावाच्या कडेलाच जमीन फाटली. पाच हजारांवर माणसं मासेमारी बोटींतून बाहेर काढली. लाव्हा बंदराचं तोंड बुजवायला निघाला तेव्हा त्यावर महिनोन्‌महिने समुद्राचं पाणी मारून तो गोठवला. बंदर वाचलं, उलट पूर्वीपेक्षा जास्त निवाऱ्याचं झालं. पुढे लोकांनी परत येऊन राख उपसली, तिनं धावपट्टी लांबवली, नव्या घरांसाठी भराव केला, आणि थंड होत असलेल्या लाव्हाच्या पोटातल्या उष्णतेवर कित्येक वर्षं घरं गरम केली. गाडली गेलेली शेकडो घरं अजून खालीच आहेत.

---

सुतारपक्षी

अवांतर होईल, पण असेन्शन बेट राहून जाऊ नये. अटलांटिकच्या मध्यभागी उघडाबोडका ज्वालामुखी. डार्विन १८३६ मध्ये तिथे उतरला होता, १८४३ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ हूकर आला. त्याच्या सल्ल्यानं ब्रिटिश नौदलानं जगभरची झाडं आणून शिखरावर लावली, हेतू हा की झाडं ढगातलं पाणी धरतील. आज ८५९ मीटर उंचीच्या त्या डोंगरावर बांबू आणि आल्याच्या जातीची झुडपं असलेलं धुक्याचं रान आहे. पूर्णपणे माणसानं जमवलेलं.

मातीमायताईंचा 'सुपीक कुणासाठी' हा प्रश्न तिथेही लागू पडतो. बेटाची स्वतःची मोजकी नेचे होती. त्यातलं एक इवलंसं नेचं नामशेष झालं असं मानून चालले होते. २००९ मध्ये ते एका कड्यावर सापडलं, हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी रोपं. माणसांनी दोर बांधून खाली उतरून, पाणी घालून ती जगवली, मग बीजाणू लंडनच्या क्यू वनस्पती उद्यानात नेऊन वाढवले. दुसरी काही मूळ नेचे आता आयात झाडांच्या बुंध्यांवरच्या शेवाळात वाढतात. आयात रान काढून टाकलं तर त्यांचं काय होईल?

---

मातीमाय

म्हणूनच मी तिथे 'सगळं उपटा' म्हणणार नाही. फायाबद्दल मात्र मत बदललेलं नाही.

---

निळासावळा

कातळवाट, शेवटचं विचारतो. लान्सारोतेचे ते खड्डे आता नुसते बघायला ठेवलेत की अजून त्यांत पीक घेतात?

---

कातळवाट

घेतात. पण ते खड्डे एकदा खणले आणि झालं, असं नाही. वाऱ्यानं कडेची खडी सतत खाली घसरते, ती उपसावी लागते. भिंतींचे दगड निसटतात, ते पुन्हा रचावे लागतात. यंत्र आत शिरू शकत नाही, म्हणून छाटणी आणि तोडणी हातानंच. एनारेनादोच्या शेतातही काही दशकांत वाऱ्याची धूळ आणि खालची माती खडीत मिसळते, मग ती ओल धरेनाशी होते. थर काढून नवा घालायचा. एका शेतकऱ्याच्या आयुष्यात हे काम एकदा तरी येतंच.

पर्यटन आल्यावर तरुण मंडळी हॉटेलांकडे वळली आणि बरीच शेतं मागे राहिली. अशा शेतांत खड्डा वर्षागणिक उथळ होत जातो. वेल आधी बुडते, मग खड्डा सपाट होतो, आणि काळ्या खडीवर दगडांचं एक अर्धवर्तुळ राहतं, वाऱ्याकडे पाठ करून, आत काहीच नसलेलं.